गंज जावा, जीव राहावा
(गावातील कारागीर, शेतकरी आणि भगिनी यांच्यापुढे केलेले भाषण)



आज मी गंजाविषयी बोलणार आहे. विषय साधा वाटतो, पण त्यात पैशाचा हिशेब आहे आणि जिवाचाही आहे. दोन्ही नीट समजून घेऊ.

लोखंड आपल्याकडे कुठे नाही? नांगराचा फाळ आहे, ट्रॅक्टरची ट्रॉली आहे, पंप आहे, पाण्याची टाकी आहे, दाराची कडी आहे. लोखंड, हवा आणि पाणी यांची गाठ पडली की गंज धरतो. गंजावर तसाच रंग फासला तर काय होते? वरून वस्तू नवी दिसते, पण आत गंज खातच राहतो. वर्षभरात रंगाचे पापुद्रे सुटतात. रंगाचे पैसे पाण्यात जातात. म्हणून आधी गंज काढावा, मग रंग लावावा.

वस्तू लहान असेल तर तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर पुरतो. खिळे, बोल्ट, कडीकोयंडे असतील तर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवावे आणि त्यात वस्तू रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी ब्रशने घासावी, धुवावी, लगेच कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. नखाने काम होते तिथे कुऱ्हाड कशाला?

पण ट्रॉली भिजत घालता येत नाही. फाटकाच्या नक्षीत ब्रश शिरत नाही. अशा कामाला वाऱ्याच्या जोराने बारीक दाणे मारतात. कॉम्प्रेसरची दाबलेली हवा नळीतून येते, तिच्यात दाणे मिसळतात, आणि ते टोकाच्या तोटीतून गोळीसारखे सुटतात. गंजावर आपटले की गंज उडतो. खालचे लोखंड चांदीसारखे उघडे पडते. १८७० साली अमेरिकेत टिल्घमन नावाच्या माणसाने या युक्तीचे पेटंट घेतले. तो वाळू वापरायचा. म्हणून या कामाला सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, असे नाव पडले.

आता मुद्द्याची गोष्ट. नावात वाळू आहे, पण कामात वाळू नको.

वाळू का नको?

वाळूत गारगोटीचे कण असतात. गारगोटी आपण सगळे ओळखतो. ती कठीण असते, पण ठिसूळही असते. वाळूचा दाणा जोराने लोखंडावर आपटला की त्याचा चुरा होतो. त्यातली जाड धूळ खाली बसते. ती डोळ्यांना दिसते. तिची भीती कमी. खरी भीती न दिसणाऱ्या धुळीची. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक असे हे कण असतात. ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथेच बसतात. खोकून बाहेर पडत नाहीत. विरघळत नाहीत. त्यांच्याभोवती फुप्फुसात गाठी होतात. मऊ स्पंजासारखे फुप्फुस हळूहळू कडक होते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात.

हा रोग बरा करणारे औषध नाही. धुळीचे काम सोडले तरी झालेली इजा भरून येत नाही, रोग पुढे वाढूही शकतो. कुणाला दहा-वीस वर्षांनी त्रास होतो. पण वाळूच्या माऱ्यात धूळ फार असते, त्यामुळे काही तरुण थोड्याच वर्षांत अंथरूण धरतात. आधी चढ चढताना धाप लागते. मग सपाटीवर लागते. मग बसल्या जागी लागते.

आणखी एक घोटाळा होतो. खोकला, धाप, रोडावणे ही लक्षणे क्षयासारखी असतात. म्हणून पुष्कळदा नुसते क्षयाचे औषध चालू राहते आणि मूळ कारण कुणी विचारत नाही. शिवाय सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय लवकर जडतो. म्हणून डॉक्टरकडे गेलात तर आपण होऊन सांगा, "डॉक्टर, मी दगडाच्या किंवा वाळूच्या धुळीत काम करतो." एवढे एक वाक्य फार कामाचे आहे.

आपण पाटीवर ज्या पेन्सिलीने अक्षरे गिरवली, तिचीही अशीच कथा आहे. मध्य प्रदेशात मंदसोर भागात दगड कापून पाटीच्या पेन्सिली करीत. त्या धुळीने पुष्कळ कामगारांना सिलिकोसिस झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तपासण्या करून ते नोंदले. पेन्सिल स्वस्त होती, पण तिची खरी किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली होती.

इंग्लंडने १९४९ सालीच नियम करून कारखान्यांत अशा माऱ्यासाठी वाळू वापरायला बंदी घातली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यानेही सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याच्या रोगांत धरला. म्हणजे ही गोष्ट जाणत्या लोकांना ठाऊक होती. ती आपल्या शेडपर्यंत पोचायला हवी.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही तोंडाला ओला रुमाल बांधतो की." बाबांनो, रुमालाच्या विणीतून ही धूळ सहज जाते. जाळीतून पीठ चाळले जाते तशी. कोणी म्हणेल, "वाळू ओली करून मारतो." पाण्याने धूळ कमी होते हे खरे, पण ती पुरती जात नाही. आणि ओले लोखंड लगेच पुन्हा गंजते. कोणी म्हणेल, "वाळू नदीची, फुकटची आहे." परवान्याशिवाय नदीतली वाळू उचलणे गुन्हा आहे. आणि विकत घेतलेली वाळूसुद्धा या कामाला महागच पडते. ती कशी, ते हिशेबात पाहू.

मग काय वापरावे?

पहिला माल तांब्याच्या मळीचा. इंग्रजीत त्याला कॉपर स्लॅग म्हणतात. तांबे गाळताना जी मळी निघते ती थंड करून तिचे दाणे करतात. गुजरातेत दहेज येथे तांबे गाळण्याचा मोठा कारखाना आहे. हे दाणे काळे, काचेसारखे, धारदार आणि जड असतात. गंज झटपट काढतात. पण एक-दोन वेळाच चालतात. घेताना दुकानदाराला विचारावे, "यात मोकळी सिलिका किती?" शेकड्याला एक भागाहून कमी असेल तोच माल घ्यावा. मात्र यातही इतर धातूंचा अंश असतो. म्हणजे ही धूळही खाण्याची नव्हे.

दुसरा माल गार्नेट. अंगठीत जो तामडा बसवतात, त्याच जातीचा हा खनिज दाणा. लालसर असतो, कठीण असतो, लवकर फुटत नाही. चाळून घेतला तर तीन ते पाच वेळा वापरता येतो. धूळ कमी करतो. किंमत जास्त असते.

तिसरा माल कुरुंदाच्या जातीचा. ज्या कुरुंदाच्या चाकावर आपण विळा-कोयता धार लावतो, तसाच हा दाणा भट्टीत तयार करतात. अॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणून मागावा. फार कठीण असतो. पुष्कळ वेळा चालतो. पण महाग म्हणून तो बंद पेटीतच वापरावा.

चौथा माल पोलादाचा. गोल असेल तर छर्रा, कोनदार असेल तर ग्रिट म्हणतात. गंजाला कोनदार बरा. तो शंभराहून अधिक वेळा वापरता येतो. धूळ आणि दाणे वेगळे करायला लोहचुंबक चालतो. पण हा माल बंद खोलीतच वापरावा आणि कोरडा ठेवावा. ओल लागली की गंज काढणारा स्वतःच गंजतो.

काचेचे मणी, खाण्याचा सोडा, मक्याच्या कणसाची भरड, अक्रोडाच्या टरफलाचा चुरा, असेही माल मिळतात. त्यांचा मारा सौम्य असतो. तेलकट मळ किंवा रंग काढायला ठीक, पण जुना गंज त्यांना दाद देत नाही. त्यात पैसा घालू नये.

हिशेब कसा करावा?

माल घेताना आपण किलोचा भाव विचारतो. तो अर्धाच हिशेब झाला. भावाला तो माल किती वेळा चालतो त्या आकड्याने भागावे.

समजा, एका कामाला २०० किलो दाणे लागतात. एक माल ८ रुपये किलोचा आहे, पण एकदाच चालतो. चार कामांना ८०० किलो लागले. खर्च ६,४०० रुपये. दुसरा माल २४ रुपये किलोचा आहे, पण घट धरून चार वेळा चालतो. २०० किलो एकदाच घेतले. खर्च ४,८०० रुपये. चार कामांत १,६०० रुपये वाचले. हे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या बाजारचे भाव घालून तुम्ही पाटीवर मांडून पाहा. आता तुम्हांला लिहिता येते, आकडे मांडता येतात. मग दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर का राहावे?

पण एक अट आहे. दाणे परत गोळा झाले तरच महाग माल स्वस्त पडतो. मातीत सांडले, वाऱ्याने उडाले, तर २४ रुपयांचा माल एकदाच चालला. म्हणून जागा पाहून माल निवडावा. उघड्यावर काम असेल आणि दाणे गोळा होणार नसतील, तर तांब्याची मळी घ्यावी. शेड असेल आणि खाली-भोवती ताडपत्री असेल, तर गार्नेट घ्यावे. लहान वस्तूंचे रोजचे काम असेल, तर बंद पेटी करून कुरुंदाचा किंवा पोलादाचा दाणा वापरावा.

कॉम्प्रेसरचे गणित

कितीही चांगला दाणा घेतला तरी वारा कमी पडला तर सगळे फुकट. ७ किलो दाबावर ३ मिलिमीटर भोकाच्या तोटीला मिनिटाला सुमारे २० घनफूट हवा लागते. एक अश्वशक्ती साधारण ४ घनफूट हवा देते. म्हणजे ५ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर हवा. भोक दुप्पट, म्हणजे ६ मिलिमीटर केले, तर हवा चौपट लागते. म्हणजे २० अश्वशक्ती! पंक्चरच्या दुकानातला छोटा कॉम्प्रेसर हे ओझे सतत ओढू शकत नाही. म्हणून तोटी लहान घ्यावी. तोटी झिजून भोक मोठे झाले की बदलावी. टाकीतले पाणी रोज सकाळी काढून टाकावे, नाहीतर दाणे ओले होऊन नळी तुंबते.

पातळ पत्र्याला बारीक दाणा आणि कमी दाब ठेवावा. जाड दाण्याने पत्रा वाकतो. आणि काम झाले की उघड्या लोखंडाला ओला हात लावू नये. त्याच दिवशी प्राइमर मारावा. दमट हवेत रात्रीतून पुन्हा तांबूस छटा येते आणि सगळी मेहनत वाया जाते.

जिवाचा बंदोबस्त

माल कोणताही असो, गंजाची आणि जुन्या रंगाची धूळ उडतेच. जुन्या रंगात शिसे असू शकते. ते विष आहे. म्हणून मारा करणाऱ्याने डोके-मान झाकणारे, बाहेरची स्वच्छ हवा देणारे शिरस्त्राण घालावे. इंजिनाच्या धुराची हवा त्यात येता कामा नये. हातमोजे आणि जाड कपडे घालावे. हात सुटला की आपोआप बंद होणारी मूठ तोटीला असावी. तोटी माणसाकडे कधी रोखू नये, चेष्टेतसुद्धा नाही. पोरेबाळे आणि जनावरे दूर ठेवावी.

माझ्या बहिणींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. धुळीचे कपडे घरात झटकू देऊ नका. कामाच्या जागीच बदलायला सांगा, ओले करून धुवा. आणि तुमचा मुलगा शहरात अशा कामाला लागला, तर पगार विचारता तसे हेही विचारा, "बाळा, तिथे वाळू मारतात का? तोंडावर काय बांधतोस?" मुलगा "वाळूच मारतात" म्हणाला, तर मालकाकडे दुसरा दाणा मागायला सांगा. मालक ऐकत नसेल, तर दुसरे काम पाहायला सांगा. शिर सलामत तर पगडी पचास.

शेजारच्या शेडमध्ये कुणी वाळू मारत असेल, तर त्याच्याशी भांडू नका. त्याच्याजवळ बसा आणि आजचा हिशेब त्याला मांडून दाखवा. एकट्याला महाग माल परवडत नसेल, तर चार कारागिरांनी मिळून पोती आणावी, एक चाळणी आणि एक शिरस्त्राण आळीपाळीने वापरावे. शिरस्त्राण दुसऱ्याला देताना आतून पुसून द्यावे.

थोडक्यात सांगतो. वाळू नको. किलोचा भाव नको, वापराचा भाव पाहा. जागा पाहून दाणा निवडा. श्वासाला स्वच्छ हवा ठेवा. त्याच दिवशी रंगाचा पहिला हात मारा.

लोखंड गंजले तर नवे आणता येते. फुप्फुस बाजारात मिळत नाही. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे आज मी बोललो त्याचे सार्थक झाले.

रामराम.