शिल्लक किती उरली?

महिनाअखेर आली, की अनेकांची पावलं एटीएमकडे वळतात. पैसे काढायला नव्हे, किती उरले ते पाहायला.

पण दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नुसती शिल्लक पाहिली, तरी तो व्यवहार मोजला जातो. मुंबईत असे महिन्याला ३ व्यवहार मोफत, पुण्यात मात्र ५. कारण रिझर्व्ह बँकेच्या महानगरांच्या यादीत पुणे नाही! पुणेकरांना हे पटो न पटो, फायदा त्यांचाच. मोफत व्यवहारांपुढे १ मे २०२५पासून दर व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क, वर कर.

खात्यात पुरेसे पैसे नसताना कार्ड चालवलं, तर अनेक बँका दंडही लावतात.

आणि नोटा हाती न येताच रक्कम वजा झाली तर? बँकेने ती ५ दिवसांत परत करायची. उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई, तीही न मागता. रक्कम वजा झाली का, परत आली का, हे कळावं म्हणून बँकेचा एसएमएस वाचल्याशिवाय पुसू नका.