मोरचुदाची छापचित्रे

नरसी नामदेव गावच्या शेतकऱ्याला मोरचूद नवा नाही. चुन्यात कालवला की बोर्डो मिश्रण तयार, बुरशीवर जालीम. हाच निळा खडा छापचित्रकाराच्याही कामाचा आहे!

धातूच्या पत्र्यावर रेघ खोदायला पूर्वापार नायट्रिक आम्ल वापरतात. त्यातून उठणारा तपकिरी वायू थेट फुप्फुसांवर घाला घालतो. ब्रिटिश चित्रकार सेड्रिक ग्रीन यांनी जस्तासाठी मोरचुदाचे पाणी रूढ केले आणि त्याला नावही दिले ‘बोर्डो एच’. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने चित्र खरवडायचे आणि पत्रा द्रावणात सोडायचा. उघड्या रेघांतले जस्त विरघळते, जागेवर तांब्याचा लालसर गाळ बसतो. तो मऊ ब्रशने झटकत राहायचा. पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर द्रावणात मीठही लागते.

छपाईची शाई जवसाच्या तेलातली. मग ती पुसायला रॉकेल कशाला? आधी खाद्यतेल, नंतर साबण.

रसायनच नको, तर लिनोलियम कोरावे. चित्रकार चित्तप्रसाद यांनी मुंबईत अंधेरीला राहून लिनोकटमध्ये अव्वल काम केले.

मोरचूद मात्र निर्धोक नव्हे. हातमोजे आणि चष्मा हवाच. उरलेले पाणी कयाधू नदीत सोडू नका, मासे मरतात.