माणसाची प्रतवारी आणि मूल्यांचा क्रम

(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



नवा माणूस कामाशी जोडताना आपण सहज बोलून जातो, ‘हा पैशाचा माणूस, तो मानाचा, तिसरा मात्र सेवेचा.’ प्रबळ असलेल्या मूल्यावरून माणसाची अशी प्रतवारी खरोखर करता येते काय, याचा आज विचार करू.

जर्मन तत्त्वज्ञ एडुआर्ड श्प्रांगर यांनी माणसाचे सहा नमुने कल्पिले. ज्ञान, उपयुक्तता, सौंदर्य, समाजप्रेम, सत्ता आणि धर्म यांपैकी एकेक मूल्य सर्वोच्च मानणारे हे नमुने होत. त्या आधारे ऑलपोर्ट आणि व्हर्नन या मानसशास्त्रज्ञांनी १९३१ साली एक प्रश्नावली सिद्ध केली. तिची रचना अशी की, एका मूल्याचे गुण वाढले की इतरांचे घटतात. म्हणजे ही परीक्षासुद्धा मनातील मूल्यांचा परस्परक्रम तेवढा दाखवते.

गीतेचे विवेचन याहून खोल जाते. चौदाव्या अध्यायानुसार तिन्ही गुण प्रत्येकात असतात. कधी सत्त्व इतर दोहोंवर मात करते, कधी रज, कधी तम. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार येतात. एकच गृहस्थ आज कर्तव्यबुद्धीने देतो आणि उद्या परतफेडीच्या आशेने देतो. अठराव्या अध्यायात कर्त्याचेही प्रकार आहेत. परंतु तेथे कसोटी आहे ती आसक्ती, अहंकार, यशापयशातील निर्विकारता यांची. ही कसोटी माणसाला रोज नव्याने द्यावी लागते.

आपल्याच परिसराकडे पाहा. १९४७च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकींत आले. १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. सर्वस्व गमावलेल्या या समाजाने पडेल तो धंदा केला, आणि इतरांनी त्यावर ‘पैशामागे धावणारे’ असा शिक्का मारला. नकली मालाचे विनोदही रूढ झाले. पण याच समाजाच्या शिक्षणसंस्थेने १९६५ साली येथे चांदीबाई महाविद्यालय सुरू केले, हे त्या शिक्क्यात कोठे बसते? पोटाची चिंता असताना अर्थार्जन अग्रक्रमावर आले, एवढाच त्याचा अर्थ. परिस्थिती पालटली की क्रमही पालटतो.

बदलापूरच्या पुढचे स्थानक वांगणी. १७ एप्रिल २०२१ रोजी तेथे दृष्टिहीन मातेचे बालक रुळांवर पडले. समोरून गाडी भरधाव येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून धावत गेले, बालकाला फलाटावर चढवले आणि क्षणार्धात स्वतः वर आले. मिळालेल्या ५०,००० रुपयांच्या पारितोषिकातील निम्मी रक्कमही त्यांनी त्या बालकासाठी देऊ केली. आदल्या दिवशी त्यांना कोणी पाहिले असते, तर ‘नोकरी करणारा साधा माणूस’ यापलीकडे काय म्हटले असते?

मग वर्गीकरण निरर्थक आहे काय? नाही. हिशेब कोणाकडे द्यावा, रुग्णसेवा कोणाकडे, हे ठरवताना स्वभाव पाहावाच लागतो. मात्र तो अंदाज त्या कामापुरता मानावा आणि वेळोवेळी तपासावा. ‘हा तसलाच’ असे एकदा ठरवले की त्या माणसाला वाढण्याची संधी देणेच आपण थांबवतो, आणि त्यात कार्याचीही हानी होते.

या कसोट्या प्रथम स्वतःला लावाव्यात. आज मी जे केले, ते कोणत्या मूल्यासाठी केले, हा प्रश्न रात्री निजण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावा, एवढीच विनंती.