ब्रशचा फॉण्ट आणि मराठीचा ल

गणपती जवळ आले की व्हॉट्सॲपवर आमंत्रणांचा पाऊस सुरू होतो. शीर्षक कसं, ब्रशने एका दमात फटकारल्यासारखं. झकास! पण खाली पत्ता, आरतीची वेळ, महाप्रसादाची सूचना, सगळं त्याच फॉण्टमध्ये. मग मोबाईल नाकाला लावून वाचायचं.

ब्रशचे फॉण्ट असतात डिस्प्लेसाठी, म्हणजे मोठ्या आकारातल्या चार-पाच शब्दांसाठी. ब्रशच्या रेषेची टोकं बारीक होत जातात, लहान आकारात ती गायबच होतात. ळ, क्ष यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. आणि अजून एक गंमत. हाताने लिहिलेले दोन ‘क’ कधीच हुबेहूब नसतात, साध्या फॉण्टमधले मात्र असतात. चार शब्दांत ते खपून जातं. परिच्छेदभर लिहिलं की सोंग उघडं पडतं.

चांगलं उदाहरण हवं असेल तर ‘यात्रा वन’ बघा. कॅथरीन ली श्मिट यांनी केलेला हा फॉण्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आलाय. फुकट आहे, गूगल फॉण्ट्सवर मिळतो. देवनागरीचा बोरू इंग्रजी निबाच्या उलट बाजूला कापतात, म्हणून आपल्याकडे जाड-बारीकची जागाही वेगळी. एरवी देवनागरीला इंग्रजीच्या मापात बसवतात; इथे इंग्रजी अक्षरं देवनागरीच्या कलाने घेतलीयत. मला तर हेच जास्त आवडतं.

पाट्या रंगवणाऱ्यांचं नाव सहसा कुणाला माहीत नसतं. कलाकार हनीफ कुरेशी यांनी ‘हॅण्डपेंटेड टाइप’ या उपक्रमात रस्त्यावरच्या पेंटरांच्या अक्षरांचे फॉण्ट केले आणि फॉण्टला पेंटरचंच नाव दिलं. ‘पेंटर कफील’ हा त्यातलाच.

आता आपल्या कामाचं. देवनागरी म्हटलं की फॉण्ट मराठीला चालेलच, असं नाही. आपला ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला उजवीकडे उभा दांडा असलेला. युनिकोडमध्ये दोघांचा कोड एकच! त्यामुळे कुठला ल दिसणार ते फॉण्ट ठरवतो. काही फॉण्टमध्ये दोन्ही असतात, पण ॲपमध्ये भाषा मराठी निवडली तरच आपला येतो, आणि सगळ्या ॲपमध्ये ती सोय नसते. श चंही असंच.

म्हणून बॅनर छापायला टाकण्याआधी निवडलेल्या फॉण्टमध्ये एवढं टाइप करून बघा: लाल, शाळा, वऱ्हाड, दुसऱ्या, ॲप, श्री, कर्तृत्व. ‘वऱ्हाड’मधला र मोडून पाय मोडका दिसला, किंवा ॲ च्या जागी चौकोन आला, तर फॉण्ट कितीही देखणा असो, दुसरा शोधा. मंडळाचं नाव आठ फुटी कापडावर छापून झाल्यावर तो चौकोन पुसता येत नाही.