विली मेजचे पहिले दिवस

मे १९५१. मिनियापोलिसच्या बेसबॉल संघाकडून जवळपास दर दुसऱ्या वेळी हिट मारणारा वीस वर्षांचा विली मेज न्यूयॉर्क जायंट्समध्ये आला, आणि सलग १२ वेळा हात हलवत परतला. मग वॉरन स्पानसारख्या कसलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, त्याने होमरन ठोकला. वाटलं, सुटला! पण पुन्हा दुष्काळच.

असं का होतं? पिचर उभा असतो साडेअठरा मीटरांवर. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू ०.४ सेकंदात अंगावर येतो. क्रिकेटसारखा टप्पा नाही, सगळं हवेतच ओळखायचं. वेगाची सवय होते हो. पण हात तोच, फेक तीच, आणि चेंडू ऐनवेळी खाली बुडतो. बॅट तोवर निघालेली असते. शिवाय कच्चा दुवा सापडला की प्रत्येक पिचर नेमका तिथेच मारा करतो.

मेज ड्रेसिंग रूममध्ये रडत बसला होता. मला मिनियापोलिसला परत पाठवा, म्हणाला. मॅनेजर लिओ ड्युरोशर शेजारी बसले आणि म्हणाले, मी आहे तोवर सेंटर फील्डची जागा तुझीच. मला हे फार मोठं वाटतं. त्याच मोसमात मेजने २० होमरन मारले. सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.