झेंड्याला आली, हळदीकुंकवाला का थांबली नाही?

आम्ही सातपूरच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय जरा नाजूक आहे. पण आमच्याकडून जी चूक झाली ती तुमच्या गटात होऊ नये, म्हणून सांगतोय.

मागे एका २६ जानेवारीला आम्ही एकाच मांडवात सगळं उरकायचं ठरवलं. आधी झेंडावंदन, मग हळदीकुंकू, कारण संक्रांत ते रथसप्तमीचे दिवस होते, आणि शेवटी मासिक बैठक. आमच्या गटात एक ख्रिस्ती ताई आहे. त्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर. तिरंगी रांगोळी तिनेच काढली. पण हळदीकुंकवाचं ताट फिरायला लागलं आणि ती पिशवी उचलून घरी गेली.

बैठकीत तिचा कर्जाचा अर्ज होता, मुलीच्या फीसाठी. ती नाही म्हणून अर्ज पुढे ढकलला, वर १० रुपये दंड लावला. "फार शिष्ट झालीय," असंही कुणी बोललं. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही. मग आम्ही दोघी तिच्या घरी गेलो.

तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "तिळगूळ मला चालतो, वाणही घेईन. झेंडा तर माझाच आहे. पण कुंकू लावून घेणं माझ्या मनाला पूजेसारखं वाटतं, आणि पूजा मी एकाच देवाची करते. चारचौघींत हात मागे घेतला तर तुमचा अपमान, लावून घेतलं तर माझं मन खातं. आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आम्ही म्हटलं, "अगं, तुझी शेजारीण पण ख्रिस्ती, ती तर घेते हळदीकुंकू!" त्यावर ती हसली. म्हणाली, "ती त्याला आपल्या मातीची रीत मानते, पूजा नाही. आम्ही दोघी एकाच चर्चमध्ये जातो." मग तिने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायाबद्दल सांगितलं. तिथल्या मंडळीत काय खावं, कोणता दिवस पाळावा यावरून मतभेद होते. पौलाने त्यांना समजावलं, की ज्याने त्याने आपल्या मनाशी खात्री करावी, आणि पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न पाळणाऱ्यानेही पाळणाऱ्याला.

मैत्रिणींनो, हे आपल्या नाशिकला नवं नाही. शरणपूरची ख्रिस्ती वस्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरला जन्मलेल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लगेच झाल्या नाहीत. काही वर्षांनी, स्वतःच्या मनाला पटल्यावर झाल्या. आणि टिळकांनी धर्म बदलला तरी भजन-कीर्तनाची मराठी रीत सोडली नाही. काय धरायचं, काय सोडायचं, हे ज्याचं त्याने ठरवलं.

राष्ट्रीय सणांना बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांची काहीच अडचण नसते. १५ ऑगस्ट हा तर कॅथलिकांचा मरियामातेचा सणही असतो. अनेक चर्चमध्ये त्या दिवशी प्रार्थना होते आणि झेंडावंदनही. पण सगळे सारखे नसतात. १९८५ साली केरळात यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेतून काढलं. ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, फक्त गायची नाहीत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला सांगितलं.

आमची अडचण सणात नव्हती. सगळ्यांच्या दिवसात आम्ही न विचारता पूजा मिसळत होतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला कुंकू लावून नारळ फोडायचो. ८ मार्चलाही तसंच.

आता आम्ही वहीत ठराव लिहिलाय. बैठक आणि कर्जाचं काम आधी, कार्यक्रम नंतर. महापुरुषांच्या फोटोला फक्त फूल. हळदीकुंकू ज्यांना हवं त्यांचं, तिळगूळ सगळ्यांना. जी नको म्हणेल तिला "का" विचारायचं नाही. ताईचा दंड परत केला, तिचं कर्जही मंजूर झालं.

हे ठरवताना आणखी एक गोष्ट समोर आली. ताट आलं की आमच्या दोन विधवा मैत्रिणीही कोपऱ्यात सरकून बसायच्या. इतकी वर्षं त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांतली एक म्हणाली, "मला लावा, मला आवडतं." दुसरी म्हणाली, "मला नको, पण वाण द्या."

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या कार्यक्रमाच्या आधी तुमच्या गटात प्रत्येकीला विचारा. सगळ्यांसमोर नको, एकेकीला बाजूला घेऊन विचारा.