परदेशस्थ नागरिक आणि त्याचे मत



गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेज नावाचे एक ठिकाण आहे. तेथील देवस्थानात राहणाऱ्या एकाच मतदारासाठी निवडणूक आयोगाने मतदानकेंद्र उभारल्याचे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. यंत्र जाते, अधिकारी जातात, पोलीस जातात; एक मत पडते आणि सारा लवाजमा परत फिरतो. या खर्चाला कोणी उधळपट्टी म्हणत नाही. उलट, आपल्या लोकशाहीचे ते भूषण आहे असेच आपण मानतो. नागरिकाने राज्याकडे जावयाचे नाही, राज्याने नागरिकाकडे यावयाचे, हे तत्त्व त्यात आहे.

आता या तत्त्वाची दुसरी बाजू पाहू. सुमारे दीड कोटी भारतीय नागरिक आज परदेशात राहतात. त्यांतील मतदाराला कायदा असे सांगतो की, तुझा हक्क आम्हांस मान्य आहे. फक्त मतदानाच्या दिवशी तू आपल्या गावच्या केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन जातीने हजर हो! हक्क दिला, पण वाट दिली नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

प्रारंभीच एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. परदेशी राहणारा प्रत्येक भारतीय वंशाचा माणूस मतदार नव्हे. ज्याने अमेरिकेचे वा इंग्लंडचे नागरिकत्व पत्करले, त्याचे भारतीय नागरिकत्व कायद्याने संपते. गोव्यातील ज्या बांधवांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले, त्यांचेही तेच. अशांना मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड हा येण्याजाण्याचा परवाना आहे, मताचा नव्हे. याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न आहे तो ज्याच्या खिशात आजही भारताचा पासपोर्ट आहे त्याच्यापुरता.

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. मात्र त्याच कलमात मताधिकार नाकारण्याची जी कारणे मोजली आहेत, त्यांत ‘अनिवास’ हेही एक आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदाराचे नाव त्याच्या ‘सर्वसाधारण निवासा’शी बांधले. नुसते घर नावावर असून भागत नाही, तेथे राहणे हवे. त्यामुळे दीर्घकाळ परदेशी गेलेल्याचे नाव यादीतून निघे. साठ वर्षे असेच चालले. २०१० साली कायद्यात २० अ हे कलम घातले गेले आणि फेब्रुवारी २०११ पासून ते अमलात आले. नोकरी, शिक्षण वा अन्य कारणाने परदेशी असलेल्या आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयास पासपोर्टावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदविता येऊ लागले. त्यासाठी ‘६ अ’ क्रमांकाचा अर्ज आहे.

दाणे दाखविले, पण कणगीचे झाकण उघडले नाही, असा हा प्रकार झाला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत परदेशस्थ मतदार म्हणून सुमारे ९९ हजार लोकांची नावे होती. त्यांतील जेमतेम २५ हजारांनी मत दिले आणि ते बहुतेक सारे एकट्या केरळचे. २०२४ साली नावे १ लाख १९ हजारांवर गेली आणि मतदान तीन हजारांच्याही आत आले! दीड कोटींतून तीन हजार! केरळातील संघटना आखातातून मतदारांना आणण्यासाठी विमानांची सोय करतात, म्हणून तेवढे तरी आकडे दिसतात. बाकीच्या राज्यांचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

याचे कारण निरुत्साह असे कोणी म्हणेल. पण आपल्या रत्नागिरीचा, दापोलीचा, श्रीवर्धनचा जो तरुण कुवेतमध्ये वा सौदी अरेबियात गवंडीकाम करतो, त्याचा विचार करा. त्याची रजा दोन वर्षांनी एकदा, तीही मालकाच्या मर्जीवर. विमानाचे भाडे म्हणजे महिन्याची सारी कमाई. एका मतासाठी त्याने यावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय.

आणि गंमत अशी की, त्याच शहरातील भारतीय वकिलातीत जे सरकारी अधिकारी काम करतात, त्यांना टपालाने मत देता येते. सैनिकांना आणि परदेशी नेमलेल्या सरकारी नोकरांना हा हक्क आहे. २०१६ पासून त्यांची मतपत्रिका विद्युत् मार्गाने क्षणात पोहोचते आणि भरून टपालाने परत येते. त्यांना तो हक्क असणे योग्यच आहे. परंतु वकिलातीच्या खिडकीच्या आत बसलेल्याला मत आणि त्याच खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्याला मत नाही, हा भेद कोणत्या न्यायाचा?

दुसरी विसंगती याहून मोठी आहे. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे राष्ट्रकुलातील देशांचे जे नागरिक तेथे रीतसर परवान्याने राहतात, त्यांना तेथील पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. म्हणजे पुण्याचा एखादा अभियंता भारताचाच नागरिक राहून लंडनचा खासदार निवडू शकतो, पण त्याच दिवशी तेथून आपल्या पुण्याचा खासदार निवडू शकत नाही. परका देश त्याला मतपेटीपर्यंत नेतो, आपला देश त्याला विमानतळाकडे बोट दाखवितो.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप असा की, जो येथे राहत नाही, येथील कायद्यांचे बरेवाईट फळ भोगत नाही, त्याने येथला कारभारी का निवडावा? या आक्षेपात तथ्य आहे. पंधरा-वीस वर्षे ज्याने गावाचे तोंड पाहिले नाही, त्याने गावच्या पाण्याचा निकाल लावावा हे आम्हांसही रुचत नाही. २०२४ साली मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. तेथे बाहेरून आलेली थोडी मतेही पारडे फिरवू शकली असती. इंग्लंडनेही आपल्या परदेशस्थ नागरिकांवर पंधरा वर्षांची मर्यादा घातली होती. ती २०२४ च्या जानेवारीत उठविली. पण हा आक्षेप आखातातील मजुराला लागू पडत नाही. तेथील नागरिकत्व त्याला मिळणे जवळजवळ अशक्य. आज ना उद्या तो येथेच परतणार. त्याची मुले येथल्या शाळेत, आईवडील येथल्या दवाखान्यात. तेथे त्याला मत नाही, येथेही नाही. मग पृथ्वीच्या पाठीवर त्याचे मत आहे तरी कोठे? मुदत घालावयाची तर घालावी, वादही करावा. पण कायमचा दूर गेलेला आणि पोटासाठी तात्पुरता गेलेला यांना एकाच दोरीने बांधू नये.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा, आणि तो आम्ही अधिक गंभीर मानतो. २०१४ साली आयोगाच्या समितीने विद्युत् मार्गाने पाठविलेली टपाली मतपत्रिका आणि प्रॉक्सी, म्हणजे मतदाराच्या वतीने दुसऱ्याने मत देणे, असे दोन मार्ग सुचविले. सरकारने प्रॉक्सीचे विधेयक २०१७ च्या डिसेंबरात आणले. ऑगस्ट २०१८ मध्ये ते लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत रेंगाळले आणि २०१९ साली लोकसभा विसर्जित होताच रद्द झाले. आम्हांस त्याचे फारसे दुःख नाही. मुलाचे मत बापाच्या हाती, भावाचे मत भावाच्या हाती गेले की ते घरातल्या वजनदार माणसाचे होते. आणि मत विकत घेणाऱ्याला एका दारी दोन मते मिळतात. टपाली मताचे भय निराळे आहे. जेथे पंचवीस मजूर एका खोलीत राहतात आणि मुकादमाची नजर सर्वांवर असते, तेथे मतपत्रिका एकांतात भरली जाईल याची हमी कोण देणार? २०२० च्या नोव्हेंबरात आयोगाने हाच टपाली मार्ग परदेशस्थांसाठी पुन्हा सुचविला, पण तो अद्याप खुला झालेला नाही.

यावर आमचे मत असे की, वकिलातीत व कॉन्सुलेटमध्येच मतदानकेंद्र असावे. तेथे पडदा असेल, अधिकारी असेल, मतदार स्वतः असेल. हे अशक्य नाही. आपल्यासारखाच मजूर परदेशी पाठविणाऱ्या फिलिपिन्सने २००३ साली कायदा करून २००४ च्या निवडणुकीत परदेशस्थांचे मतदान घेतले. फ्रान्सने तर २०१२ पासून परदेशस्थ नागरिकांसाठी अकरा प्रतिनिधींच्या जागाच राखल्या आहेत. आपल्याकडे मतदारसंघ ५४३, मतपत्रिका तितक्याच प्रकारच्या, अंतरे लांब. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु १९५१-५२ साली सुकुमार सेन यांच्यापुढील अडचणी काय लहान होत्या? सतरा कोटींवर मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. तेव्हा कोणी असे म्हटले नाही की, आधी लिहावाचायला शिका, मग मत द्या. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी ठेवली, तिच्यावर चिन्ह लावले आणि निरक्षराला मार्ग करून दिला. अडचण हे हक्क थांबविण्याचे कारण नव्हे, ते व्यवस्थेला कामाला लावण्याचे कारण आहे.

येथे बसलेल्यांपैकी कोणी म्हणेल, परदेशस्थांचे काय घेऊन बसलात, देशातल्या देशात काय चालले आहे? ते म्हणणे रास्त आहे. बीड-अहिल्यानगरकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतो आणि विधानसभेची निवडणूक नेमकी त्याच सुमारास येते. फडात कोयता, गावात मत, अशी त्याची स्थिती. २०२३ च्या जानेवारीत आयोगाने दूरस्थ मतदानयंत्राचा प्रयोग पक्षांना दाखविण्याचा घाट घातला. विरोधी पक्षांनी शंका काढल्या आणि ते काम पुढे सरकले नाही. शंका घेणे गैर नव्हे, पण शंकेपाशीच थांबणे गैर आहे. दोघांचे दुखणे एकच: भाकरी एका ठिकाणी आणि मत दुसऱ्या ठिकाणी. एकासाठी काढलेली वाट दुसऱ्यालाही उपयोगी पडेल.

परदेशी गेलेली ही माणसे देशाला दरवर्षी शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम पाठवितात. पण पैशाच्या मोबदल्यात मत, असा युक्तिवाद आम्ही करणार नाही. जो पैसे पाठवीत नाही त्या विद्यार्थ्यालाही तोच हक्क आहे. मत हे देणगीची पावती नव्हे. ते नागरिकत्वाचे अंग आहे.

शेवटी आपणां सर्वांना एक विनंती. ज्यांच्या घरचे कोणी बाहेरदेशी आहे, त्यांनी त्याला ‘६ अ’ चा अर्ज भरावयास सांगावे. यादी लहान आहे तोवर मागणीच नाही असे म्हणावयास सरकारला सवड मिळते. आणि मते मागावयास जे आपल्या दारी येतील, त्यांना विचारावे की, या घरातील जे मत समुद्रापलीकडे आहे त्यासाठी तुम्ही काय करणार? उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे.